निकाहनामा, ग्रीन कार्ड आणि म्हातारपणाची पेन्शन

नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला म्हातारपणी जी पेन्शन मिळते, ती कशाच्या जोरावर मिळते? लग्नाच्या, तिच्या कष्टांच्या, की ती ज्या देशात राहते तिथल्या सरकारी शिक्क्याच्या? अमेरिकेच्या कायद्याने गेल्या पंचाऐंशी वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती सगळी आजही एकाच वेळी लागू आहेत. उतारवयात नवऱ्यापाठोपाठ तिथे गेलेली आणि कायम रहिवासाच्या परवान्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची, वाट पाहत बसलेली बाई या उत्तरांच्या मधल्या फटीत सापडते.

आपली बरीच माणसे आखातात गेली. तिथे परदेशी कामगाराला नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उभाच राहत नाही. अमेरिकेचे तसे नाही. तिथे परदेशी माणसाच्या पगारातूनही पेन्शनची वर्गणी कापली जाते. आणि पैसे घेतले की हिशेब द्यावा लागतो.

सुरुवातीपासून पाहू. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. मूळ कायद्यात पेन्शन फक्त काम करणाऱ्यालाच होती. शेतमजूर आणि घरकामगार तर त्यातून वगळलेच होते. आयुष्यभर घर चालवणाऱ्या बायकोचा पेन्शनधारक म्हणून उल्लेखही नव्हता. चार वर्षांनी, १९३९ मध्ये, दुरुस्ती झाली. ६५ वर्षांच्या बायकोला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी आणि विधवेला तीन चतुर्थांश रक्कम ठरली. पैसे नवऱ्याच्या पगारातून कापलेले, पण हक्क बायकोचा. तिने घर सांभाळले म्हणून तो कमावू शकला, एवढी कबुली यात होतीच, भले कायद्याने ती या शब्दांत दिली नसेल.

याच दुरुस्तीमुळे मासिक पेन्शन लवकर सुरू झाली. ३१ जानेवारी १९४० च्या पहिल्या चेकवर नाव होते व्हरमाँटच्या इडा मे फुलर यांचे. आधी शिक्षिका, मग वकिलाच्या कार्यालयात नोकरी, अविवाहित. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. त्यांनी एकूण २४ डॉलर ७५ सेंट भरले होते. १९७५ मध्ये शंभराव्या वर्षी त्या वारल्या, तोवर २२,८८८ डॉलर ९२ सेंट त्यांना मिळाले होते. भरलेल्या पैशाशी मिळणाऱ्या पैशाचा काटेकोर मेळ घालण्याचा या योजनेचा हेतू कधीच नव्हता. कमावणारी पिढी म्हाताऱ्या पिढीला सांभाळते, हे तिचे तत्त्व.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या पेन्शनला नागरिकत्वाची अट नव्हती. काम केले, वर्गणी भरली, की हक्क.

पण त्या काळात आपल्याकडचा माणूस तिथे जाणार कसा? १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणे बंद केले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. आधीच पोहोचलेल्यांना गावाकडून बायको आणणे जवळजवळ अशक्य झाले. कॅलिफोर्नियातल्या अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. जहाजावरून उतरलेले काही बंगाली मुस्लिम खलाशी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थानिक कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन स्त्रियांशी लग्ने करून राहिले. गावाकडे मागे राहिलेल्या बायकांची नोंद तिथल्या कोणत्याही दप्तरात झाली नाही. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला, तोही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह.

खरे दार १९६५ मध्ये उघडले. ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, कायदा मंजूर केला आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. नागरिकाची बायको, नवरा आणि आईवडील यांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले गेले. भारतातून डॉक्टर आणि इंजिनीयर जाऊ लागले, त्यांत मराठी माणसेही होती. एका कायद्याने म्हाताऱ्यांची सोय केली, दुसऱ्याने बाहेरून येणारे म्हातारे वाढवले. दोन्ही एकमेकांना कसे भेटणार, याचा निर्णय पुढे न्यायालयात लागला.

पहिला खटला १९७१ चा. कारमेन रिचर्डसन १९५६ मध्ये मेक्सिकोहून रीतसर अॅरिझोनात आल्या होत्या. ६४ व्या वर्षी अपंगत्व आल्यावर त्यांनी मदत मागितली. राज्याचा नियम असा की परदेशी माणसाला पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. हा परका माणूसही कर भरतो, मग राज्याला असा भेद करता येणार नाही, असा निकालाचा रोख होता.

दुसरा खटला १९७६ चा, ‘मॅथ्यूज विरुद्ध डियाझ’. क्युबातून आलेल्या, ६५ च्या पुढच्या निर्वासितांना मेडिकेअरचा एक भाग नाकारला गेला होता, कारण परदेशी माणसाला कायम रहिवासाचा परवाना आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य अशा दोन अटी होत्या. या वेळी न्यायालयाने एकमताने अटी कायम ठेवल्या. राज्यांना जे करता येत नाही ते संसदेला करता येते. परक्याचे देशाशी नाते जसे घट्ट होत जाईल तसा त्याचा वाटा वाढवण्याचा अधिकार तिला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. वाट पाहण्याची वर्षे मोजायची आणि त्यावर हक्क ठरवायचा, या पद्धतीला इथे घटनात्मक मान्यता मिळाली.

तिसरा टप्पा १९९६ चा. गरीब वृद्धांसाठी १९७४ पासून ‘एसएसआय’ नावाची वेगळी मासिक मदत सुरू होती. ती कायम रहिवाशांनाही मिळे. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने बहुतेक बिगरनागरिकांसाठी ती बंद केली. ओरड झाली, तेव्हा १९९७ मध्ये आधीपासून मदत घेणाऱ्यांची परत सुरू झाली, पण नंतर येणाऱ्यांना दार बंदच राहिले. आता ग्रीन कार्डानंतर पाच वर्षे आणि शिवाय कामाची ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, दाखवावी लागते. लग्न टिकून असताना नवऱ्याने मिळवलेली क्रेडिटही बायकोला यात धरता येतात.

त्याच वर्षी बोलावून घेणाऱ्या माणसाचे हमीपत्र कायद्याने बंधनकारक झाले. बायको नागरिक होईपर्यंत किंवा ४० क्रेडिट भरेपर्यंत तिच्या निर्वाहाची जबाबदारी सही करणाऱ्यावर. ती देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांपैकी कुणी वारले तर भाग वेगळा. पण घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. शाहबानो खटल्यापासून आपण तलाकनंतरच्या निर्वाहावर वाद घालतो आहोत. तिथे नवऱ्याने सरकारी कागदावर सही केली की तो वाद त्यापुरता मिटतो.

आता वाट पाहणाऱ्या बाईचे काय? १९९६ च्याच कायद्याने अट घातली की अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसाला सोशल सिक्युरिटीची पेन्शन तो तिथे कायदेशीर हजर असेल तरच द्यावी. ‘कायदेशीर हजर’ म्हणजे कोण, याची यादी सरकारने नियमांत दिली. नागरिकाच्या बायकोची विनंती मंजूर झाली असेल आणि ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर ती या यादीत बसते. म्हणजे कार्ड हातात नसतानाही ६२ वर्षे पूर्ण झालेली, लग्नाला वर्ष झालेली बायको नवऱ्याच्या नावावर पेन्शन मागू शकते, अर्थात नवऱ्याची स्वतःची पेन्शन सुरू असेल तर. नवरा नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर यादीतली ही खास सवलत तिला नाही. तिला दुसऱ्या एखाद्या वैध दर्जावर उभे राहावे लागते.

भारतात बसून वाट पाहणाऱ्या बायकोची गोष्ट आणखी वेगळी. तिला परदेशी अवलंबित म्हणून तिकडची पेन्शन इकडे हवी असेल तर एरवी अमेरिकेत पाच वर्षे त्या माणसाची बायको म्हणून राहिलेले असावे लागते. ज्या बाईने सासू-सासऱ्यांची सेवा करत गावीच संसार केला, ती ही पाच वर्षे आणणार कुठून? आणि २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने मेडिकेअर नागरिक, कायम रहिवासी आणि एक-दोन विशेष गटांपुरते मर्यादित केले. म्हणजे अर्ज प्रलंबित असलेल्या बायकोला नवऱ्याच्या नावाची पेन्शन मिळू शकेल, पण दवाखान्याचा विमा नाही.

तरुणपणीच्या वाट पाहण्याचाही हिशेब म्हातारपणी होतो. एच-१बी व्हिसावरच्या माणसाच्या पगारातून वर्गणी कापली जाते. दहा वर्षांच्या आत तो परतला तर पेन्शन नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात वर्षे जोडून धरण्याचा करार नाही. त्याच्या बायकोला, एच-४ व्हिसावर, काम करण्याचीच परवानगी नव्हती. २०१५ पासून काहींना मिळाली. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डे नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग लांबच लांब. त्या रांगेत शिकल्यासवरलेल्या बाईची कमाईची वर्षे जातात आणि साठीला ती पुन्हा नवऱ्याच्या निम्म्या पेन्शनवर येते.

या सगळ्यात आपल्यासाठी कळीचा कागद म्हणजे निकाहनामा. लग्न जिथे लागले तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर अमेरिकेत सहसा ग्राह्य धरतात; दुसऱ्या बायकोला मात्र स्थलांतराच्या कायद्यात जागा नाही. पण वैध असणे निराळे आणि सिद्ध करता येणे निराळे. मी उर्दू-मराठी शिकवतो म्हणून लोक जुने निकाहनामे वाचून घ्यायला आणतात. कुठे नुसती हिजरी तारीख, कुठे वधूचे नाव ‘बिन्ते’ लावून फक्त बापाच्या ओळखीने, कुठे घसटलेली शाई. पासपोर्टवर नाव वेगळे, शाळेच्या दाखल्यावर वेगळे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहनोंदणी होते, पण आमच्या आयांच्या पिढीत ती कुणी केली? निकाहात मेहर बायकोचा हक्क म्हणून लिहिले जाते, तसा हा कागदच तिचा हक्क आहे, हे आपण तिला कधी सांगितले नाही.

काझी अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये हजरत उमर यांची एक रिवायत आहे. एक अंध, म्हातारा यहुदी दारोदार मागताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेले, जवळचे दिले आणि बैतुलमालच्या खजिनदाराला त्याची व त्याच्यासारख्यांची सोय लावायला सांगितले. तरुणपणी ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा इन्साफ नव्हे, हे त्यांचे कारण. तो कोणत्या धर्माचा, हे तिथे आड आले नाही.

अमेरिकेच्या १९३९ च्या दुरुस्तीत आणि १९७१ च्या निकालात हाच विचार आहे. १९७६ आणि १९९६ ने तो बाजूला सारला. बायकोचे कष्ट मान्य, लग्न मान्य, वर्गणी तर आधीच घेतलेली. अडते ते फक्त तारखेवर. ज्या वयात एकेक वर्ष मोलाचे असते त्याच वयात रांगेतली वर्षे मोजायची, हा हिशेब कायद्याचा असेल, इन्साफाचा नाही. तो बदलणे आपल्या हातात नाही. आपल्या आयाबहिणींचे निकाह नोंदवून घेणे आणि त्यांच्या नावाचे कागद त्यांच्याच हातात देणे मात्र आहे.