फटफटीचा श्वास

आमच्या अलिबाग-रेवदंडा भागांत मोटारसायकलीस जुनीं माणसें अजूनहि फटफटी म्हणतात. गाडी उभी असतां तिचा जो संथ ठोका ऐकूं येतो, तो एका लहानशा पितळी स्क्रूवर अवलंबून असतो. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

१८८५ सालीं डायम्लर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याच्या दुचाकीस पेट्रोलचें इंजिन बसविलें. पुढें १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाखनें व हंगेरींत बांकी आणि चोंका यांनीं बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर सिद्ध केला. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते; हें गणित पितळेच्या नळीकडून करवून घेणें, हीच त्यांची करामत. १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया निघाली आणि बुलेट आमच्या कोंकणांत दिसूं लागली. तेव्हां हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हें नांव १९८१ चें.

शाळेंत असतांना मीं एक जुनी बुलेट घेतली. वेग कमी केला कीं ती बंद पडे. परीक्षेच्या दिवशीं एका विद्यार्थ्यास मागें बसवून साळावच्या पुलावरून निघालों, आणि तिनें तोच प्रकार आरंभिला. स्क्रू सैल केला कीं पेट्रोल अधिक येईल, अशी माझी समजूत! वस्तुतः तो स्क्रू हवेचा. सैल करितां हवाच वाढली आणि उपाशी इंजिन अगदींच थांबलें. आम्ही केंद्रावर पोहोंचलों तेव्हां घंटा होऊन दहा मिनिटें झालीं होतीं. मुलास आंत घेतलें, पण तीं दहा मिनिटें मीं गिळलीं, हें मी विसरलेलों नाहीं.

दोष स्लो जेटमध्यें अडकलेल्या कचऱ्याचा होता. तो आधीं साफ करावा. मग इंजिन तापूं द्यावें आणि थ्रॉटलचा स्क्रू फिरवून ठोका थोडा वाढवावा. हवेचा स्क्रू हलक्या हातानें पूर्ण आंत नेऊन सुमारें दीड फेरा बाहेर घ्यावा. नंतर पाव-पाव फेरा दोन्हीं बाजूंस फिरवून, दर वेळीं क्षणभर थांबून, कान द्यावा. जेथें ठोका सर्वांत जलद व एकसारखा होईल तेथें हवेचा स्क्रू सोडावा; वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूनें उतरवावा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर बहुधा हवेचा. इंजिनच्या बाजूस असेल तर मिश्रणाचा, आणि तेथें सगळें उलट!

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत बहुतेक इंजेक्शन आहे. तिचें गणित यंत्रच करतें. जुन्यांस मात्र हल्लींच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास होतो. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यानें मिश्रण पातळ होतें, म्हणून स्क्रू किंचित् आंत घ्यावा लागतो. शिवाय इथेनॉल ओलावा शोषितें, आणि आमची हवा तर समुद्राची. म्हणून पावसाळ्यांत गाडी उभी ठेवावयाची असल्यास कार्बुरेटरच्या वाटींतील पेट्रोल आधींच काढून टाकावें.