पत आणि लग्नखर्च

लग्नसराईत तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे निघालो की मंगल कार्यालयांबाहेर गाड्यांची रांग दिसते. ‘ऋण काढून सण’ हा शेरा मग ठरलेलाच. शिक्षकांच्या खोलीतही तो आपण ऐकला असेल. शेरा जुना आहे, आणि एकदा तो आपल्याच पुणे जिल्ह्यात तपासला गेला होता.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे व वह्या जाळल्या. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, असा तेव्हा समज होता. या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे आयोगाने नोंदवले. ऐपतीच्या मानाने खर्च मोठा खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात. अनेक वर्षांवर पसरला तर तो अवास्तव ठरत नाही.

मग कर्ज फुगे कसे? कापसाचे भाव अमेरिकेतील यादवीत (1861–65) चढून पुढे उतरले, त्यातच सारा वाढला. पण मुख्य गोम रोख्यात होती. 1859च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे ग्राह्य ठरला. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, घडले उलटेच. मुदत संपताच सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. हे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. उदाहरणादाखल दरमहा शेकडा 2 सरळव्याज धरा : 100 रुपयांचे तीन वर्षांनी 172, सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509. लग्न गावभर दिसते, हे वहीत राहते. डोळ्यांत भरणाऱ्या घटनेलाच कारण समजण्याची चूक आम्ही प्रयोगशाळेतही करतो.

तरीही कुणब्याने हात आखडता का घेतला नाही? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाची चिकित्सा केली. कोरडवाहू शेतकऱ्याला ती पुरती लागू पडत नाही, असे मला वाटते. ‘पत’ या शब्दात अब्रू आली, तशी उधारी मिळण्याची लायकीही आली. मांडवात जेवलेले सोयरेच दुष्काळात दाणे देणार.

त्यातून जमीनही आक्रसत होती. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. हे गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. तेथील सरासरी धारणा 1771 मध्ये 40 एकर होती, 1915च्या सुमारास 7 एकर. पुढे या पट्ट्यात कारखाने आले, शेते गेली. लग्नाचे कर्ज आता पतसंस्थेतूनही मिळते. तिच्या नावात तोच जुना शब्द आहे.