मालगुजारी तलावांचा गाळ व गांवचे दस्त

नागपूरपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत ‘मालगुजारी’ म्हणून ओळखले जाणारे ६,००० हून अधिक तलाव आहेत. त्यांची परंपरा गोंडराजांच्या काळापर्यंत जाते. तलाव बांधण्यांत कोहळी ज्ञातीची विशेष ख्याति होती. नवेगांवबांधचें श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांस देते.

शेताची झिजलेली माती तलावांत सांचते. ती उपसून बांधींत टाकल्यास तलाव खोल होतो व जमीन सकस होते. हें काम मालगुजार व रयत मिळून करीत. १८५४ मध्यें भोसल्यांचें राज्य खालसा झालें. पुढें इंग्रजी जमाबंदींत मालगुजारांस मालकीहक्क मिळाला आणि पाण्याच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गांवच्या दस्तांत नमूद झाल्या. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. पुढें ते जिल्हा परिषदा व पाटबंधारे खातें यांत वांटले गेले. सामायिक श्रमाची रीत मात्र सुटली.

२०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. गाळ सरकार व दाते यांच्या साह्यानें उपसावा, शेतकऱ्यानें तो स्वखर्चानें न्यावा, असें ठरलें. नांव नवें, तत्त्व जुनेंच. परंतु कोणत्या बांधीस कोणत्या तलावाचें पाणी, हें ठरवितांना जुन्या दस्तांइतका भरंवशाचा पुरावा दुसरा नाहीं.

सनदा व बखरी जपणाऱ्या संग्राहकांनीं मालगुजारांच्या वाड्यांतील हे दस्तही वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं नकलून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.