भूल देणाऱ्याची चूक

रुग्णसुरक्षा हा शब्द हल्ली रुग्णालयांच्या भिंतीभिंतीवर दिसतो. हात धुवा, रुग्णाचं नाव दोनदा विचारा, बाटलीवरचं लेबल वाचून मगच इंजेक्शन भरा. सूचना सगळ्या बरोबरच आहेत. पण पाटी लावली म्हणजे सवय लागते असं नाही. एखाद्या रुग्णालयाच्या अंगात ही सवय मुरते कशी, याचं उत्तर आम्हाला व्यवस्थापनाच्या पुस्तकांपेक्षा इतिहासात जास्त सापडतं. म्हणून आज आपण एकाच शाखेकडे बघणार आहोत, भूलशास्त्राकडे. या शाखेतल्या लोकांनी आपल्या हातून होणारे मृत्यू मोजले, त्यांबद्दल उघड बोलले आणि ते कमी करून दाखवले. पण तिथवर पोचायला त्यांना जवळजवळ एकशेचाळीस वर्षं लागली. इतका वेळ का लागला, हा आजचा प्रश्न. त्यातला एक मोठा अध्याय आपल्या शेजारी, हैदराबादला घडलेला आहे. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता.

सुरुवात १८४६ ची. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबरला मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. वास गोड, परिणाम झटपट, उपकरण काही लागत नाही, रुमालावर ओतलं की झालं. आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ ला, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं होतं, एवढंच. नखासाठी जीव जावा, याने सगळे हादरले आणि वाद सुरू झाला.

वादाच्या एका बाजूला जॉन स्नो. कॉलऱ्याच्या पंपामुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच स्नो. त्यांचा पोटापाण्याचा धंदा मात्र भूल देण्याचा होता. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं. त्यांचं म्हणणं असं की वाफ फार दाट झाली तर हृदयच बंद पडतं, आणि रुमालावर ओतताना वाफ किती दाट आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून त्यांनी वाफेचं प्रमाण ताब्यात ठेवणारं उपकरण केलं. म्हणजे धोका माणसाच्या स्वभावात न शोधता पद्धतीत शोधला. १८५८ मध्ये ते वारले आणि त्यांचं म्हणणं बरंचसं मागे पडलं.

दुसऱ्या बाजूला एडिंबराचे सर्जन जेम्स साइम. ते म्हणत, उपकरण कशाला? श्वासाकडे बघत राहा, नाडीकडे बघायचं कारण नाही. सोपी शिकवण होती, त्यामुळे पसरलीही लवकर.

याच परंपरेतले एडवर्ड लॉरी हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होते आणि तिथलं मेडिकल स्कूल चालवत होते. हजारो रुग्णांना त्यांच्याकडे क्लोरोफॉर्म दिलं जाई. पुढे भूलतज्ज्ञ म्हणून नाव झालेल्या रूपाबाई फर्दुनजी याच शाळेत शिकल्या. लॉरी यांची खात्री होती की क्लोरोफॉर्ममुळे आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. ते सिद्ध करायला १८८८ मध्ये त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या 'लॅन्सेट'ला ते पटलं नाही. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि कळवलं की तुमचाच माणूस पाठवा. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. हे थोर औषधशास्त्रज्ञ, आणि क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालतं असं मानणारे. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि ब्रंटन यांचंच मत फिरलं. आधी श्वास थांबतो, असा दुसऱ्या आयोगाचाही निर्वाळा आला.

आता इथे जरा थांबू या, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. श्वास आधी थांबतो हे एकदा मान्य केलं, की पुढचा निष्कर्ष आपोआप येतो: श्वासावर नीट लक्ष ठेवलं तर कुणी मरणारच नाही. मग कुणी मेलंच तर? तर भूल देणाऱ्याचं लक्ष नव्हतं. बघा, या तर्कातून सुटकाच नाही. रुग्ण दगावला, हाच निष्काळजीपणाचा पुरावा. भूल देणारा बिचारा सांगतोय की साहेब, श्वास चालू होता, नाडीच अचानक गेली, तर त्याचं ऐकायचं कशाला? तो स्वतःची कातडी वाचवतोय! खरं तर प्रत्येक मृत्यूतून काहीतरी शिकता आलं असतं. पण ज्याने पाहिलं तोच आरोपी ठरला, आणि आरोपीच्या साक्षीला किंमत नसते.

आमच्या मते हैदराबाद आयोगाला हास्यास्पद ठरवणं अन्यायाचं होईल. त्या काळी एवढ्या मोठ्या प्रमाणावर, विरोधकाला बोलावून, प्रयोग करणं ही साधी गोष्ट नव्हती. लॉरी अप्रामाणिक नव्हते. फक्त त्यांच्या सिद्धांतात भूल देणाऱ्याच्या अनुभवाला जागा उरली नव्हती.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढलं तर हृदयाचे ठोके विस्कटतात आणि ते क्षणात थांबतं. घाबरलेला रुग्ण, अर्धवट भूल, आणि खेळ खलास. श्वासाकडे कितीही टक लावून बघा, आधी इशारा मिळत नाही. म्हणजे लक्ष नव्हतं म्हणून ज्यांना बोल लावला, त्यांच्यातल्या अनेकांचं लक्ष असणार.

पुढची चाळीस वर्षं आपण भरभर ओलांडू. एक नोंद मात्र करू. १९४७ मध्ये कॉम्रो आणि बोटेल्हो यांनी दाखवलं की रक्तातला प्राणवायू कमी होत असताना रुग्ण निळा पडतोय का, हे अनुभवी डोळ्यांनाही भरवशाने ओळखता येत नाही. 'नीट लक्ष द्या' या उपदेशाची ही हद्दच म्हणायची. नसलेलं दिसणार कसं? १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमधल्या जवळपास सहा लाख भुलींचा हिशेब मांडला. साधारण १५६० भुलींमागे एका मृत्यूत भुलीचा मोठा वाटा होता. आकडा कळला, पण तो खाली कसा आणायचा ते कळलं नाही.

ते कळलं पुन्हा मॅसॅच्युसेट्स जनरलमध्येच, आणि एका इंजिनिअरमुळे. जेफ्री कूपर हे डॉक्टर नव्हेत. त्यांनी एक पद्धत विमानदलाकडून उचलली. दुसऱ्या महायुद्धात फ्लॅनगन यांनी वैमानिकांना विचारलं होतं, नेमकं काय घडलं, कसं घडलं ते सांगा. कूपर यांनी तेच भूलतज्ज्ञांना विचारलं. रुग्ण दगावलाच पाहिजे असं नाही. थोडक्यात निभावलं तेही सांगा. १९७८ मध्ये निबंध आला: टाळता येण्याजोग्या ३५९ घटना, त्यातल्या ८२ टक्क्यांत मानवी चूक, यंत्राचा उघड बिघाड फक्त १४ टक्क्यांत.

वरवर पाहता हे लॉरी यांचंच म्हणणं झालं, नाही का? माणूसच चुकतो. पण कूपर यांनी पुढचा प्रश्न विचारला: तोच माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा का चुकतो? श्वासाची नळी सुटली आणि कळलं नाही. एका सिरिंजऐवजी दुसरी उचलली. वायूची कळ नकळत फिरली. भुलीच्या काही यंत्रांवर कळ उजवीकडे फिरवली की औषध वाढायचं, काहींवर कमी व्हायचं! घाई, कामाच्या मध्येच माणसं बदलणं, एकमेकांना नीट न सांगणं. हे सगळं ज्यांनी सांगितलं त्यांना शिक्षेची भीती नव्हती, म्हणून तर ते कळलं.

१९८२ मध्ये भुलीतल्या मृत्यूंवर अमेरिकन टीव्हीवर कार्यक्रम झाला, लोक खवळले, विम्याचे हप्ते आधीच चढले होते. धंद्याची गरज आणि सदबुद्धी एकाच वेळी जागी झाली, असं म्हणू या. एलिसन पिअर्स यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये भूलशास्त्रातल्या रुग्णसुरक्षेसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघालं. हार्वर्डच्या रुग्णालयांनी किमान नियम ठरवले, ते १९८६ मध्ये छापून आले. त्यातला पहिलाच नियम ऐकून नवल वाटेल: भूल देणाऱ्याने संपूर्ण वेळ खोलीत हजर असावं! रक्तदाब आणि नाडी पाच-पाच मिनिटांनी बघावी, हृदयाचा आलेख सतत चालू असावा. त्याच सुमारास बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थिएटरात रुळला; त्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेलं. कोविडमध्ये आपल्या घराघरांत आलेला हाच तो चिमटा. डोळ्याला जे दिसत नाही ते तो आकड्यात दाखवतो, आणि सूर खाली उतरला की पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसालाही कळतं.

आपल्याकडे मात्र आजही रुग्ण दगावला की आधी चौकशी समिती, मग निलंबन, आणि ते बहुतेक वेळा सर्वांत खालच्या माणसाचं. रात्रपाळीची सिस्टर, नाहीतर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. तो मग पुढच्या वेळी थोडक्यात निभावलेली गोष्ट कुणाला सांगेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची एक पानी चेकलिस्ट काढली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सरसकट लागू झाली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला: आधी ०.७१ टक्के, नंतर ०.६५. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. यादी साधारण तशीच होती. त्या यादीत चिरा देण्याआधीची एक ओळ आहे: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगितलं का? सुरुवातीला एकदा बोललेलं माणूस पुढे काही खटकलं तर तोंड उघडतं, असा त्यामागचा विचार. ऑन्टॅरिओत किती थिएटरांत ती नावं खरोखर घेतली गेली आणि किती ठिकाणी नुसती खूण झाली, हे त्या आकडेवारीत नोंदलेलंच नव्हतं.