दुधाशिवाय घरचं फळांचं आइस्क्रीम : केळं, आंबा, कोकम आणि एक मिक्सर

लालबाग (मुंबई) : मे महिन्यात लालबाग-परळच्या चाळींत गावाकडून आंब्याची पेटी येते, तेव्हा सगळी फळं एकदमच पिकतात. चार दिवसांत संपवायची कशी, हा प्रश्न मुंबईतल्या चाकरमान्यालाही पडतो आणि गावातल्या बागायतदारालाही. त्याचं एक सोपं उत्तर म्हणजे ती गोठवून ठेवणं. त्यातून दूध न घालता आइस्क्रीमसारखा पदार्थ घरीच होतो. त्यासाठी मिक्सर, साधा फ्रिज आणि स्टीलचा डबा एवढं पुरे.

आधी हे लक्षात घ्या

दुकानातल्या कपावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असलं की त्यात दूध नाही, असं अनेकांना वाटतं. हा समज चुकीचा आहे. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, पण दुधाची पावडर बहुतेक वेळा असतेच. दूध पचत नसेल त्याचं पोट बिघडेल. पण ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला थोडंसंही दूध धोक्याचं ठरू शकतं. म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचा. घरी करताना मिक्सरचं भांडं आणि चमचेही दुधाचा अंश राहणार नाही असे स्वच्छ धुऊन घ्या.

दुसरी गोष्ट बर्फाची. राज्यात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणं बंधनकारक आहे. तरी बाहेरच्या गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे आपल्याला कळत नाही. घरी उकळून गार केलेलं पाणी वापरलं की ही काळजी मिटते.

कुठलं फळ कसं गोठतं?

केळं, आंबा, चिकू, सीताफळ ही गराची फळं मऊसर गोठतात. कलिंगडात पाणीच जास्त, त्यामुळे त्याचा दगड होतो. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून फळ पूर्ण पिकलेलंच घ्या. मग साखर वरून घालावी लागत नाही.

१. केळं-चिकू (चौघांसाठी)

साहित्य : ३ पिकलेली केळी, ४ चिकू, पाव चमचा वेलची पूड.

कृती : केळी सोलून चकत्या करा, चिकूच्या साल-बिया काढून फोडी करा. ताटात सुट्या पसरून रात्रभर गोठवा. सालीसकट केळं ठेवू नका, नंतर सोलता येत नाही. फोडी ५ मिनिटं बाहेर ठेवा आणि वेलची घालून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. आधी रव्यासारखा चुरा दिसेल. घाबरू नका, कडेचं खाली ओढून पुन्हा फिरवलं की लोण्यासारखं होतं. सलग फिरवलं तर मोटर तापते.

२. आंबा-नारळ

साहित्य : २ वाट्या आमरस, १ वाटी घट्ट नारळाचं दूध, चिमूटभर मीठ.

कृती : एका नारळाचा चव पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटून पिळून घ्या. हे पहिलं दूध रसात मिसळा आणि पसरट डब्यात गोठवा. दोन तासांनी काढून एकदा घुसळा, परत ठेवा. नारळाच्या तेलामुळे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत.

३. कोकम कांडी

साहित्य : सरबताची १०-१२ बिनमिठाची सुकी कोकमं, २ वाट्या पाणी, अर्धी वाटी गूळ, जिरेपूड, मीठ.

कृती : कोकमं दोन तास भिजवून कुस्करा, गाळा, गूळ विरघळवा. चव सरबतापेक्षा जरा गोड हवी. साच्यात किंवा छोट्या पेल्यात ओतून ८ तास ठेवा. मिश्रण थोडं घट्ट झालं की काडी खोचा.

कलिंगडाचा रस असेल तर तो ताटात गोठत ठेवून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडा. गोळ्यासारखा भुगा तयार होतो.

ठेवताना आणि देताना

- फ्रीजरमध्ये बोंबील-सुरमई असेल तर डब्याचं झाकण घट्ट हवं. नारळाच्या दुधाला वास लगेच लागतो.
- आठवडाभरात संपवा.
- लाइट गेली आणि मिश्रण वितळलं, तर पुन्हा गोठवू नका. गार असेल तोवर पिऊन टाका. नारळाचं दूध घातलेलं कोमट झालं असेल तर फेकून द्या.
- वरून साखर नसली तरी फळात साखर असतेच. मधुमेह असलेल्यांनी लहान वाटीवर थांबावं, आणि ती जेवणावर वाढीव म्हणून नको.
- लहान मुलांना गोठलेली अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मध वापरू नका.

पेटीतली चार फळं डागाळली, तर डाग काढून चांगला गर लगेच गोठवा. आंबूस वास आलेलं फळ मात्र यात घालू नका, गोठवल्याने ते सुधारत नाही.