उपग्रह की इंटरनेट? : समुद्रपूरच्या दृष्टीने घरगुती दूरचित्रवाणीचा विचार

घरी बसून दूरचित्रवाणी पाहणाऱ्यास उपग्रहाचा मार्ग अधिक हितकर की इंटरनेटचा, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याची चर्चा बहुधा दोन यंत्रांची तुलना करून संपविली जाते आणि नवे यंत्र जुन्यास हटविणार असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष महानगरांच्या अनुभवावर बेतलेला आहे. तो अन्यत्र कितपत टिकतो, हे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर ह्या तालुक्याच्या ठिकाणावरून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गावाच्या नावात समुद्र असला तरी कोणताही किनारा येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. ह्याच तालुक्यातील जाम येथे नागपूर-हैदराबाद महामार्गास चंद्रपूरचा रस्ता फुटतो. म्हणजे हा मुलूख दुर्गम नव्हे. परंतु कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या विरळ वस्तीच्या खेड्यांचा असल्यामुळे तो नागरही नव्हे. अशा मधल्या प्रदेशात दोन्ही साधनांचे गुणदोष स्पष्ट दिसतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : उपग्रह प्रेक्षकागणिक स्वस्त पडतो, पण स्थळागणिक महाग. इंटरनेटचे नेमके उलट आहे. ह्या दोन साधनांचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या एका भेदाचा इतिहास होय.

आपल्याकडे प्रसारणाचा ग्रामीण प्रयोग सामुदायिक स्वरूपातच सुरू झाला. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून १५० खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता आणि तो प्रयोग त्याच्या वाट्यास आला नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, तरी जमिनीवरील प्रक्षेपकाचा पल्ला मर्यादित असल्यामुळे विदर्भाला तिचा उपयोग नव्हता. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षभरात नासाच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या आधारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवून ‘साइट’ हा प्रयोग पार पाडण्यात आला. पूर्वेस रायपूरकडील आणि दक्षिणेस आंध्र प्रदेशातील खेडी त्यात होती. महाराष्ट्र मात्र नव्हता. कार्यक्रमांच्या हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड ह्या भाषांत मराठीस जागा मिळाली नाही.

ह्या वगळण्याचे कारण कोणाच्या आकसात शोधण्याची गरज नाही. उपग्रहाचा एक झोत प्रचंड प्रदेश व्यापतो. त्या झोताखाली एक संच असो की एक लाख, प्रक्षेपणाचा खर्च तोच राहतो. परंतु एका भाषेची भर घालावयाची म्हणजे स्वतंत्र ध्वनिवाहिनी किंवा स्वतंत्र वेळ, स्वतंत्र निर्मिती आणि स्वतंत्र माणसे आली. प्रेक्षक वाढविणे फुकट, पण स्थळ वाढविणे खर्चाचे, हा नियम येथे प्रथम दिसून आला.

इन्सॅट योजनेत महाराष्ट्राचा समावेश झाला व त्याकरिता नागपूर येथे उपग्रह दूरदर्शन केंद्र स्थापन करण्यात आले. विदर्भाच्या दृष्टीने ही महत्त्वाची घटना होय. परंतु १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये तर काही महिने दिवसास एक ह्या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले आणि उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम ते गावोगाव पोहोचवू लागले. प्रक्षेपक स्थानिक होता, आवाज स्थानिक नव्हता. मराठीची उपग्रहवाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजी मुंबईहून सुरू झाली व पुढे ‘सह्याद्री’ म्हणून ओळखली जाऊ लागली. खाजगी मराठी वाहिन्या त्यानंतर आल्या. ‘अल्फा टीव्ही मराठी’ १९९९ मध्ये, ‘ईटीव्ही मराठी’ २००० मध्ये. त्यांनी मराठी घरोघर नेली हे खरे. मात्र एकाच झोतात सर्व महाराष्ट्रास जे ऐकवावयाचे ते मुख्यतः मुंबई-पुण्याच्या वळणाचेच राहिले, आणि वऱ्हाडी बोलीस विनोदी पात्राच्या मुखापलीकडे क्वचितच स्थान लाभले.

दरम्यान १९९१ पासून केबल आली. त्या काळच्या उपग्रहवाहिन्यांसाठी आठ-दहा फूट व्यासाची छत्री लागे. ती एका कुटुंबास परवडणारी नव्हती. म्हणून केबलवाला ती उभारी आणि तेथून घरोघर तार नेई. ह्या व्यवसायाचे गणित वस्तीच्या दाटीवर अवलंबून असते. बाजारपेठेत एका खांबावरून दहा घरे जोडता येतात, शेतावरील घरापर्यंत तार ओढणे कोणासही परवडत नाही. घरे संपली की केबलही संपते.

ही मर्यादा घरगुती लहान छत्रीने ओलांडली. १९९७ साली अशा थेट सेवेवर बंदी घालण्यात आली होती. २००० मध्ये तिला अनुमती मिळाली. २००३ मध्ये पहिली खाजगी सेवा व डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा, म्हणजे आजची ‘डीडी फ्री डिश’, सुरू झाली. ह्या सेवेचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. समुद्रपूरहून पाहता तो आग्नेयेस, क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर येतो. त्या दिशेस झाड किंवा भिंत नसली म्हणजे छत्री, पेटी व संच ह्यांचा एकवेळचा खर्च पुरतो, मासिक वर्गणी नाही. मुसळधार पावसात चित्र तुटते, हा त्याचा सर्वपरिचित दोष होय. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ह्या सेवेवरील लोकप्रिय खाजगी वाहिन्या जाहिरातीच्या हिशेबाने येतात व जातात. मार्च २०१९ मध्ये काही मोठ्या हिंदी वाहिन्या एकदम काढून घेण्यात आल्या, तेव्हा विनामूल्य पाहणाऱ्यास तक्रारीचाही हक्क उरला नाही, कारण तो कोणाचा ग्राहकच नव्हता.

इंटरनेटवरील दूरचित्रवाणीचा आरंभ महानगरांत झाला. २००६ मध्ये महानगर टेलिफोन निगमने मुंबई व दिल्लीत ती तारेवरून देऊ केली. ग्रामीण भागात खरा पालट सप्टेंबर २०१६ नंतर, रिलायन्स जिओच्या आगमनाने भ्रमणध्वनीवरील डेटा स्वस्त झाल्यावर घडला. येथे हिशेब उलटतो. प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र प्रवाह जातो. सामान्य दर्जाच्या चित्रास तासाला सुमारे १ जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या रिचार्जवर एक मनुष्य दोन तास पाहू शकेल, पण चौघांच्या कुटुंबाची रोजची संध्याकाळ त्यात भागत नाही. मनोऱ्यावरील भार वाढला की सर्वांचेच चित्र अडखळते. म्हणजे उपग्रहाखाली शेजाऱ्याचे पाहणे आपणांस बाधत नाही, येथे ते बाधते. ऑप्टिकल फायबर घरात आल्यास ही अडचण मिटते. पण २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ म्हटल्या गेलेल्या योजनेचे प्रथम लक्ष्य ग्रामपंचायत हे होते. पंचायतीपासून घरापर्यंतचे अंतर पुन्हा केबलच्याच दाटीच्या नियमात सापडते.

तथापि स्थळागणिक पाहता इंटरनेट अत्यंत स्वस्त आहे. वऱ्हाडी बोलीतील प्रहसन, झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील नाटक, गिरडच्या टेकडीवरील यात्रेचे चित्रण किंवा कपाशीवरील बोंडअळीविषयी शेजारच्या शेतकऱ्याचा अनुभव, ह्यांकरिता आता मुंबईची वा नागपूरची अनुज्ञा लागत नाही. इन्सॅटच्या काळी जे राज्यकर्त्यांना मोठ्या खर्चानेही पुरते साधले नाही, ते एका भ्रमणध्वनीने साधते.

येथे असा आक्षेप संभवतो की, डेटा स्वस्त होत जाईल आणि हा भेद आपोआप मिटेल. तसे होणे अशक्य नाही. परंतु इतिहासाचा एक धडा विसरता कामा नये. सशुल्क छत्र्यांची संख्या २०२० च्या सुमारास ७ कोटींच्या घरात होती. २०२५ मध्ये ती ६ कोटींच्या खाली आली. पैसे देऊ शकणारी घरे इंटरनेटकडे वळत आहेत. दूरदर्शनचे जमिनीवरील बहुतेक प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले, तेव्हाही प्रेक्षक छत्रीकडे गेले हेच कारण सांगितले गेले आणि त्या वेळी ते बरोबर होते, कारण मागे राहणाऱ्यास निःशुल्क छत्रीचा पर्याय होता. उद्या हाच तर्क छत्रीस लावला गेला, तर मागे राहणाऱ्यास दरमहा रिचार्ज एवढाच पर्याय उरेल. ज्या घराचे उत्पन्न कापसाच्या हंगामावर चालते, त्यास एकवेळचा खर्च झेपतो. दरमहाचा खर्च तुटतो, आणि तो तुटला की बातमीही तुटते.

तेव्हा ‘उपग्रह की इंटरनेट’ ही प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. जे सर्वांना एकाच वेळी कळावयास हवे, जसे वादळाची सूचना, निवडणुकीचा निकाल, शाळेचा पाठ, ते प्रेक्षकागणिक स्वस्त अशा उपग्रहावर निःशुल्क राहिले पाहिजे. जे एका तालुक्याचे, एका बोलीचे आहे, ते स्थळागणिक स्वस्त अशा इंटरनेटवर वाढले पाहिजे. सार्वजनिक पैसा कोठे खर्चावयाचा हे ठरविताना हा भेद ध्यानी ठेवला नाही, तर १९७५ मध्ये झोताबाहेर राहिलेला समुद्रपूरचा मुलूख ह्या वेळी झोताखाली असूनही वंचित राहील.