मासवडी आणि तिकोटिपरिसुद्ध मांस

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर-आंबेगाव भागात, मासवडी हा पदार्थ परंपरेने केला जातो. नावात मासा असला तरी वडीत तो नसतो. शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यात भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा व लसूण यांचे सारण भरतात आणि गुंडाळून मासळीच्या तुकड्यांसारख्या वड्या पाडतात. सोबतच्या झणझणीत रश्शाचे वाटण मटणाला घालतात तसेच असते. श्रावणात किंवा पंक्तीस माळकरी असल्यास हा बेत ठरतो. पुणे शहरातील खानावळींतही तो मिळतो. मांसाची चव ओळखणाऱ्या हातांनी रचलेला हा शाकाहार आहे. त्यात मांस खाणाऱ्याविषयी घृणा नाही, आणि आम्हांस महत्त्व वाटते ते याचेच.

पालि विनयात भिक्खूच्या पाच भोजनांत ओदन, कुम्मास व सत्तू यांच्याच पंक्तीस मच्छ आणि मंस येतात. भिक्खूंनी आजन्म मत्स्यमांस वर्ज्य करावे, ही देवदत्ताच्या पाच मागण्यांपैकी एक होती. तथागतांनी ती मान्य केली नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले अथवा तशी शंका आली, तर ते मांस अग्राह्य. एरवी ते 'तिकोटिपरिसुद्ध', म्हणजे तिन्ही बाजूंनी शुद्ध होय. प्रश्न हिंसेचा आहे, पानात काय वाढले यावरून माणसाची प्रत ठरविण्याचा नाही. (देवदत्ताचे अनुयायी अद्यापि भेटतात, ही गोष्ट वेगळी.)

नावावरून पदार्थ ओळखण्याची अडचण आमच्या ग्रंथांतही आहे. चुन्द कम्मारपुत्ताने वाढलेले 'सूकरमद्दव' म्हणजे काय, याविषयी अट्ठकथांत एकवाक्यता नाही. डुकराचे मांस, पंचगोरसात शिजवलेला मऊ भात, डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, असे निरनिराळे अर्थ तेथे नोंदले आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांस हाच अर्थ निःसंकोच स्वीकारला.

चीनमध्ये मात्र लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने (कारकीर्द ५०२-५४९) संघात मांसवर्जनाचा आग्रह धरला. पुढे तेथील विहारांच्या पाकशाळांत गव्हाच्या चिकट सत्त्वापासून मांसासारखे पदार्थ होऊ लागले. नियम बदलला, जीभ बदलली नाही.

२०१७ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी असावा, अशी अट परिपत्रकात आली. टीका झाल्यावर तिला स्थगिती मिळाली. याच विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवरील पुस्तक प्रसिद्ध केले होते.